१,८०० वस्तीच्या गावाचं सांडपाणी: शोषखड्डे, रूट झोन की तलाव?

गावठाण_परभणी

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातलं गाव, लोकसंख्या १,८०० च्या आसपास, घरं ३६०. जलजीवनची नळयोजना झाल्यापासून पाणी घरोघरी येतं आणि वापरलेलं सगळं गटारातून ओढ्यात जातं. ओढ्याच्या खालच्या अंगाला शेतकऱ्यांच्या विहिरी आहेत, त्यामुळे विषय ग्रामसभेत दर वेळी निघतो.

गावाचे दोन भाग आहेत. जुनं गावठाण मुरमाड टेकाडावर, १९० घरं, वर पांढरी माती. नवी वस्ती खाली काळ्या रानात, १७० घरं. सगळी गटारं शेवटी एकाच ठिकाणी येऊन ओढ्याला मिळतात. साधारण १४० शौचालयांच्या टाक्यांचा आउटलेट थेट गटारात सोडलेला आहे. गावापासून ४०० मीटरवर, ओढ्याच्या अलीकडे, उताराच्या बाजूला ३० गुंठे गायरान आहे.

आतापर्यंत तीन सूचना आल्यात: गटार काँक्रीटचं करून ओढ्यापर्यंत न्यावं, ८ गुंठ्यांत रूट झोन (खडीच्या वाफ्यात झाडांच्या मुळांशी पाणी शुद्ध करायची पद्धत) करावा, किंवा विजेवर चालणारा तयार प्लांट बसवावा. यातलं काय घ्यावं, किती मोठं लागेल आणि पैसे कशातून बसतील? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

---

उतार_आणि_पातळी

दादा, तिन्ही सूचना बाजूला ठेवा आणि आधी पाणी मोजा. गटार काँक्रीटचं केल्याने पाणी ओढ्यात लवकर पोचेल, शुद्ध होणार नाही. उलट मातीच्या गटारात थोडंफार मुरत होतं तेही बंद होईल.

मोजायचं असं. जिथे सगळी गटारं एकत्र येतात तिथे माती-दगडाचा छोटा बांध घाला, त्यातून १६० मि.मी.चा पाइप काढा आणि पाइपाखाली १५ लिटरची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते पाहा. सकाळी ६ ते रात्री ८ दर तासाला, आणि मध्यरात्री एकदा. पाऊस नसलेला, लग्न-जत्रा नसलेला साधा दिवस निवडा. एक दिवस नळाला पाणी येतं तेव्हाचा आणि एक पाणी न येण्याच्या दिवसाचा असे दोन्ही आकडे हवेत, कारण दिवसाआड पाणी असेल तर सरासरीने फसगत होते.

ताळा घ्यायला हिशोब सोपा आहे. माणशी ५५ लिटर धरून १,८०० माणसांना ९९ हजार लिटर, त्यातलं सुमारे ७० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे ६९ हजार लिटर. मोजलेला आकडा याच्या दीडपट निघाला तर कुठेतरी नळ तोटीविना वाहतोय. मध्यरात्रीचा प्रवाह हीच त्याची खूण. तोट्या बसवणं हा सांडपाणी प्रक्रियेतला सर्वांत स्वस्त भाग आहे.

दुसरं, जमिनीची मुरण्याची चाचणी. गावठाणात आणि नव्या वस्तीत तीन-तीन ठिकाणी, शोषखड्ड्याचा तळ जिथे येईल त्या खोलीवर एक फूट रुंद खड्डा करा. आदल्या रात्री तो पाण्याने भरून ठेवा. हे लोक टाळतात आणि कोरड्या मातीने प्यायलेलं पाणी पाहून जमीन चांगली असल्याचं ठरवतात. सकाळी तळात ६ इंच पाणी ठेवून पातळी १ इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० असेल तर लांब शोषचर काढावा लागतो. ६० च्या वर असेल तर त्या जागी मुरवण्याचा नाद सोडा.

---

गावठाण_परभणी

दोन्ही करून घेतलं. नळाला पाणी असलेल्या दिवशी सकाळी ६ ते ९ सेकंदाला २.५ लिटर, ९ ते १२ साधारण १.२, दुपारभर ०.५, संध्याकाळी ५ ते ८ पर्यंत १.४ आणि रात्री ०.१. गोळाबेरीज सुमारे ६८ हजार लिटर.

गावठाणात अडीच-तीन फुटांवर मुरूम लागतो आणि तिथे १ इंचाला ११ मिनिटं लागली. नव्या वस्तीत १० फुटांवरही काळी मातीच आहे, दोन तास झाले तरी इंचभर उतरलं नाही.

---

शोषखड्डा_मराठवाडा

मग अर्धं उत्तर तुमच्या मातीनेच दिलं. गावठाणात घरोघरी शोषखड्डे, नव्या वस्तीत एकही नाही. काळ्या मातीत खणलेला खड्डा पहिल्या पावसाळ्यात डबकं होतो आणि मग पुढची दहा वर्षं गावात कुणी शोषखड्ड्याचं नाव काढू देत नाही.

गावठाणातल्या खड्ड्याचा हिशोब: मुरण्याची मिनिटं ११, त्याचं वर्गमूळ ३.३. २०४ ला त्याने भागलं की ६१ येतात. म्हणजे खड्ड्याच्या भिंतीचा एक चौरस मीटर दिवसाला सुमारे ६१ लिटर मुरवतो. सूत्र सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस २४७० च्या, दुसऱ्या भागातलं आहे. खड्डा ४ बाय ४ फूट आणि ६ फूट खोल घ्या, म्हणजे खालचे ३ फूट मुरमात जातील. त्या ३ फुटांच्या चारही भिंती मिळून ४.३ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला २६० लिटर. पाच माणसांच्या घराचं सांडपाणी १९० लिटर. पुरतं, आणि पाहुणे आले तरी निभावतं. तळ हिशोबात धरायचा नाही, तो गाळाने सर्वांत आधी बुजतो.

आतली रचना नांदेड पॅटर्नची ठेवा. तळाला एक फूट मोठे दगड. त्यावर मधोमध अडीच फूट व्यासाची, तीन फूट उंचीची सिमेंटची टाकी, वरच्या काठाखाली चारही बाजूंना ४ इंची भोकं. टाकीभोवती ४ ते ६ इंची दगड. खडी, वाळू, विटांचा चुरा काहीही नको. न्हाणीचं पाणी टाकीत पडतं, दोन दिवस थांबतं, राख-माती-साबणाचा गाळ तळाला बसतो आणि वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत जातं. टाकीत ४०० लिटर मावतात म्हणून ही सवड मिळते. नुसता दगड भरलेला खड्डा आणि हा खड्डा यांत फरक एवढाच, पण त्यावरच सगळं आहे. नुसत्या दगडांच्या खड्ड्यात साबणाचा चिकटा थेट मुरमाच्या भिंतीवर बसतो, एक-दोन वर्षांत भिंत गुळगुळीत होते आणि खड्डा पूर्ण उकरण्याशिवाय इलाज राहत नाही. टाकीतला गाळ मात्र झाकण उघडून सहा महिन्यांनी घमेल्याने काढता येतो.

दगडांवर जाड प्लास्टिक किंवा जुनी विणलेली पोती, वर सहा इंच माती. टाकीला कड्या असलेलं सिमेंटचं झाकण, घट्ट बसणारं. क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो, त्यामुळे झाकणात बोटभर फट राहिली तरी केलेलं वाया जातं.

काही गोष्टी गावठाणात विशेष जपाव्या लागतील. पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंती आणि माळवदाची घरं पायात पाणी मुरलं की खचतात. भिंतीपासून किमान ३ मीटर अंतर नसेल तर त्या घराला खड्डा देऊ नका, उद्दिष्ट कितीही असो. पिण्याच्या विहिरीपासून वा हातपंपापासून १८ मीटर. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलपातळीच्या दोन मीटर वर. खणताना वरची पांढरी ढासळते, तेव्हा सहा फुटांत माणूस उतरण्याआधी कडा फळ्यांनी आवळून घ्या. पत्र्याचं पन्हाळ या खड्ड्यात सोडू नका. आणि गोठा धुतलेलं पाणी तर मुळीच नको. शेणाचा चोथा चार-सहा महिन्यांत खड्डा बुजवतो. ते उकिरड्यावर किंवा गोबरगॅसला जाऊ द्या.

---

गावठाण_परभणी

३ मीटरचा नियम लावला तर गावठाणात ११० घरांना जागा बसते. उरलेली ८० घरं आणि नवी वस्ती यांचं काय?

---

कर्दळ_आणि_नळ

११० घरांचे रोजचे २१ हजार लिटर जागीच मुरले. राहिले ४७ हजार. वाढती वस्ती धरून ६० हजार लिटरचं, म्हणजे ६० घनमीटरचं डिझाइन करा.

मी रूट झोनच्या बाजूने आहे. पाणी उघडं राहत नाही, वास आणि डास दोन्ही टळतात, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाचं भय तलावापेक्षा कमी. पण तुम्हाला सुचवलेले ८ गुंठे कशावर काढले ते विचारा. आधी गाळ बसवणारी टाकी, मग अडथळ्यांची ऑक्सिजनविरहित टाकी, आणि त्यानंतर झाडांचा वाफा, अशी साखळी असेल तर वाफ्यात येणाऱ्या पाण्याचा बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला मि.ग्रॅ.मध्ये; जितका जास्त तितकं पाणी घाण) १५० च्या आसपास असतो. तो ३० वर आणायला ६० घनमीटरला ४८० ते ५०० चौरस मीटर वाफा लागतो. टाक्या, रस्ता धरून ८ गुंठ्यांत बसेल, पण टाक्या वगळून थेट गटाराचं पाणी वाफ्यात सोडणार असतील तर बसणार नाही. खडी वर्षभरात चोंदते.

बांधताना सर्वाधिक चूक वाफ्याच्या आकारात होते. लोक लांब-अरुंद कालव्यासारखा वाफा करतात. पाणी खडीतून आडवं वाहायचं असतं, त्यामुळे शिरण्याची बाजू रुंद लागते. तुमच्या प्रवाहाला ३८ मीटर रुंदी आणि वाहण्याची लांबी १२-१३ मीटर. उलटं केलं तर पाणी खडीच्या वर येतं, उघडं वाहतं आणि मग डासही होतात. खोली ६० सेंमी, तळाला १ टक्का उतार. मधल्या भागात १० ते २० मि.मी. खडी, शिरताना आणि बाहेर पडताना अर्धा-पाऊण मीटर पट्ट्यात ४० ते ८० मि.मी. दगड. खडी धुतलेलीच घ्यायची. क्रशरची भुकटी आत गेली की ती कधीच निघत नाही. पाण्याची पातळी खडीच्या १० सेंमी खाली ठेवण्यासाठी बाहेरच्या चेंबरमध्ये फिरवता येणारा एल्बो (पाइपाचा काटकोनी जोड) लावा.

झाडं: कर्दळ, नळ (पाणथळ जागी वाढणारं उंच गवत), पाणकणीस. चौरस मीटरला चार रोपं. नळाची मुळं सर्वांत खोल जातात. कर्दळ दिसायला छान आणि लवकर धरते, पण वाळलेली पानं वेळेवर कापली नाहीत तर तिचाच गाळ होतो.

---

उतार_आणि_पातळी

ताई, हिशोब बरोबर आहे, पण ५०० चौरस मीटर गुणिले ०.६ म्हणजे ३०० घनमीटर खडी. ब्रासमध्ये शंभराच्या वर. आता पैशांकडे बघा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत असा निकष होता. १,८०० माणसांचे ५ लाख ४ हजार, त्यातले ७० टक्के मिशनचे आणि ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. सध्या कोणत्या शीर्षाखाली किती मिळतं हे पंचायत समितीत लेखी विचारून घ्या. पण त्याच पैशांत शोषखड्डे आणि पाइपलाइनही बसवायची आहे. धुतलेली शंभर ब्रास खडी, टाक्या, वाफ्याचा कागद हे त्यात बसवणं अवघड आहे. आणि दहा-बारा वर्षांनी खडी काढून धुवायची वेळ येईल तेव्हा कुठलाही निधी नसतो.

तुमच्याकडे ३० गुंठे गायरान आणि गावापासून ४०० मीटर अंतर आहे. ज्या गावाकडे जागा आहे त्याने स्थिरीकरण तलाव (उथळ उघडा तलाव, पाणी त्यात काही दिवस थांबून शेवाळ आणि जिवाणूंमुळे शुद्ध होतं) करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. काळी माती शोषखड्ड्याला जितकी वाईट तितकीच तलावाला चांगली.

आकार असा येतो. टाक्यांचं पाणी मिसळलेलं म्हणून बीओडी लिटरला २५० मि.ग्रॅ. धरू. ६० घनमीटरला दिवसाचे १५ किलो. २० अंश अक्षांशाजवळ उघडा तलाव हेक्टरी २५० किलो पचवतो, हा आयएस ५६११ चा तक्ता. म्हणजे ६०० चौरस मीटर. मध्यखोलीवर ४३ बाय १४ मीटर, पाण्याची खोली दीड मीटर, मुक्काम १५ दिवस. त्यानंतर दुसरा तलाव, एक मीटर खोल, ३० बाय १० मीटर, मुक्काम ५ दिवस. त्याचं मुख्य काम जंतू कमी करणं. आतल्या बाजूचा उतार एकास दोन, पाण्यावर अर्धा मीटर बांध, बांधाचा माथा दोन मीटर. सगळं मिळून २० ते २२ गुंठे. बांधाचा माथा ओढ्याच्या आजवरच्या मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा वर असलाच पाहिजे.

बीओडी २५० हा अंदाज आहे, खर्च करण्याआधी तपासून घ्या. दर तासाला प्रवाहाच्या प्रमाणात थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र केलेला नमुना, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. सकाळी आठची एकच बाटली नेली तर आकडा भलताच येतो.

तळाला वेगळा कागद लागणार नाही. काळी माती १५ सेंमीच्या थरांनी, ओलसर असताना रोलरने दाबा. दोन गोष्टींचं मात्र भान ठेवा. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून काम संपल्यावर तलाव उन्हाळाभर रिकामा ठेवू नका, आणि बांधाच्या माथ्यावर २०-३० सेंमी मुरूम पसरा. पाण्याच्या रेषेवर, वर-खाली अर्धा मीटर, दगडी पिचिंग करा. त्याने लाटेने माती ढासळत नाही आणि काठाला गवत न उगवल्यामुळे डासांना आडोसा राहत नाही. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद कुणी सुचवेल. त्यावर शेवाळ धरलं की पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. गावाजवळच्या तलावात तो टाळा. कुंपण आणि चारही बाजूंना बांधलेले दोर तरीही हवेतच.

तलावाआधी जाळी: १० मि.मी.च्या सळया, २५ मि.मी. फट, ४५ ते ६० अंशांत तिरपी, वर गाळ निथळायला छिद्रांचं ताट. मग वाळू बसायला दीड मीटर लांबीचे दोन समांतर चर, एक चालू असताना दुसरा उपसायला. त्यानंतर पत्र्याची ९० अंशांची व्ही आकाराची खाच. खाचेवर पाणी ५ सेंमी असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, ८ सेंमीला अडीच, १० सेंमीला सुमारे साडेचार. शेजारी पट्टी रंगवून ठेवा, नोंद कुणालाही घेता येते. पावसाचं पाणी गटारात येणारच, म्हणून जाळीच्या आधी बाजूला सांडवा ठेवा आणि खाचेवर १० सेंमीच्या वर पाणी चढलं की तो वाहू लागेल अशी त्याची पातळी ठरवा. नाहीतर पहिला वळीव तलावातलं सगळं हिरवं पाणी ओढ्यात लोटून देईल.

नव्या वस्तीतून गायरानापर्यंत उघडं गटार नको, १६० मि.मी.चा बंद पाइप घ्या. उतार १०० मीटरला १ मीटर मिळाला तर उत्तम, ६० सेंमीच्या खाली जाऊ नका. दर ३० मीटरला आणि प्रत्येक वळणावर चेंबर. काळी माती फुगते-आकसते आणि जोड उखडते, म्हणून पाइपाखाली आणि भोवती १५ सेंमी मुरूम भरा. हा खर्च अंदाजपत्रकातून हमखास वगळला जातो आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाइप मधेच खाली बसतो.

विजेच्या प्लांटबद्दल थोडक्यात: त्यातले जिवाणू हवेवर जगतात. ब्लोअर दोन दिवस बंद पडला की ते मरतात आणि पुन्हा घडी बसायला आठवडे जातात. तुमच्याकडचं भारनियमन आणि पंचायतीचं वीजबिल पाहता हा पर्याय सोडा.

---

टाकी_उपसा

सगळे न्हाणीच्या पाण्यावर बोलताहेत, पण तुमच्या गावातला खरा धोका त्या १४० आउटलेटचा आहे. जंतांची अंडी, हगवण-काविळीचे जंतू हे तिथून येतात. ते गटारात उघडं वाहत असताना पुढे तलाव बांधला तरी गल्लीतली मुलं त्याच पाण्यात पाय घालून शाळेत जाणार.

प्रत्येक टाकीची आधी पाहणी करा. बऱ्याच ठिकाणी सेप्टिक टँक म्हणून जे असतं तो एकाच कप्प्याचा खोल हौद असतो. पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली एवढी टाकी पुरते, पण आत आणि बाहेर टी-पाइप हवा, म्हणजे वरचा तवंगही बाहेर जात नाही आणि खालचा गाळही. टी नसेल तर ती टाकी मैला पुढे ढकलते, एवढंच. १०० मि.मी.चा टी बसवणं हे एका तासाचं काम आहे, पण टाकी यंत्राने उपसून झाल्यावर आणि बाहेरून, चेंबरच्या तोंडातून. आत माणूस उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे, आणि त्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड दोन श्वासांत माणूस पाडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. झाकण उघडून ठेवलं म्हणजे वायू गेला असं समजू नका, गाळ हलला की तो पुन्हा सुटतो.

गावठाणात ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी टाकीच्या आउटलेटला स्वतंत्र शोषखड्डा द्यावा, न्हाणीच्या खड्ड्यात जोडू नये. नवीन शौचालय होणार असेल तर तिथे सेप्टिक टँकच नको, दोन खड्ड्यांचं शौचालय करा. एक भरला की वाय चेंबरमधून दुसरा सुरू, पहिला दोन वर्षं बंद ठेवल्यावर त्यात कोरडं खत असतं. नव्या काळ्या वस्तीत मात्र मुरवायला जागाच नाही, तिथे आउटलेट वर सांगितलेल्या बंद पाइपात जोडा. घन भाग टाकीतच थांबत असल्याने १६० चा पाइप पुरतो.

हे टिकण्याची अट एकच, दर तीन वर्षांनी उपसा. काठीला पांढरं कापड गुंडाळून टाकीत घाला. गाळ आणि तवंग मिळून खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले की वेळ झाली. १४० टाक्यांचं वेळापत्रक लावलं तर वर्षाला ४७ टाक्या, सक्शन टँकर एका दिवसात तीन-चार करतो. सातारा जिल्ह्यातलं वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर या नगरपरिषदांनी असाच वेळापत्रकाने उपसा चालवला आहे, तक्रार आल्यावर गाडी पाठवायची ही रीत त्यांनी बदलली. निविदेत गाळ कुठे टाकणार ते लिहून घ्या. जवळच्या शहरात मैला-गाळ प्रक्रिया केंद्र असेल तर तिथे. नसेल तर गायरानाच्या उंच कोपऱ्यात चर: पाऊण मीटर रुंद, एक मीटर खोल, वरचे ३० सेंमी मातीने बंद, वर झाडं. पावसाळ्यात चर भरायचे नाहीत आणि विहिरींच्या बाजूला तर कधीच नाही.

टाकीत ॲसिड, फिनाइल ओतू नका. आतले जिवाणू मरतात. व्हेंट पाइपाच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा.

---

गावठाण_परभणी

गावकऱ्यांचे तीन प्रश्न आहेत. तलावाचा वास येईल का, डास वाढतील का, आणि ते पाणी शेताला चालेल का?

---

उतार_आणि_पातळी

वास भाराच्या हिशोबावर असतो. पाणी हिरवं असेल तर तलाव ठणठणीत. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं. गुलाबी-जांभळट झालं तर भार वाढलाय, करडं-काळं आणि बुडबुडे दिसले तर बराच वाढलाय. तेव्हा दोन गोष्टी तपासा: कुणी गोठ्याचं पाणी जोडलं का, आणि टँकरवाल्याने टाकीचा गाळ चेंबरमध्ये ओतला का. ही दोनच कारणं बहुतेक वेळा निघतात. तरीही वाऱ्याची दिशा पाहून तलाव घरांपासून २०० मीटरच्या पलीकडे असावा, तुमचा ४०० वर आहे.

पहिल्यांदा भरताना गटाराचं पाणी थेट सोडू नका. पावसाळा संपताना ओढ्याच्या चांगल्या पाण्याने एक मीटर भरा, मग सांडपाणी सुरू करा. दोन-तीन आठवड्यांत हिरवा रंग येतो. पाणी शिरण्याचा पाइप काठावर न संपवता आत चार-पाच मीटर न्या. बाहेर पडताना पाणी पृष्ठभागाखालून ३० सेंमीवरून घ्या, म्हणजे शेवाळाची साय सोबत जात नाही.

---

कर्दळ_आणि_नळ

जागा एवढी असेल तर तलाव घ्या, मी रूट झोनचा आग्रह धरत नाही. पण दुसऱ्या तलावाच्या पुढे १० मीटर रुंद, ५ मीटर लांबीचा छोटा दगडी वाफा कर्दळ-नळाचा ठेवा. शेवाळ तिथे अडकतं आणि पुढे ठिबकचे फिल्टर चोंदायचं प्रमाण घटतं.

डासांसाठी: काठ स्वच्छ, पिचिंग शाबूत, आणि जलपर्णीचं एकही रोप दिसलं की त्याच दिवशी बाहेर. जलपर्णी पाणी झाकते, शेवाळ मरतं, डासांना सावली मिळते, सगळं एकदमच बिघडतं. गप्पी मासे दुसऱ्या तलावात सोडा. पहिल्यात पहाटे ऑक्सिजन फार खाली जातो, तिथे ते टिकण्याची खात्री नाही.

शेतीसाठी उन्हाळ्यात रोजचे ४० हजार लिटर हाती राहतील, त्यावर साधारण दीड एकर हत्ती गवत भिजतं. चारा, बांबू, सागवानाला चालेल. कच्च्या खायच्या भाज्या, कोथिंबीर, काकडी यांना नको, आणि फवाऱ्याने तर कशालाच नको. बीओडी ३० च्या आत आणि मैलाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरला १,००० च्या आत आहेत का, हे वर्षातून दोनदा तपासा. काळ्या जमिनीला आणखी एक त्रास असतो: कपड्याच्या पावडरीतलं सोडियम. वर्षानुवर्षं हेच पाणी दिलं तर माती चिकट होऊन निचरा बंद होतो. दर वर्षी माती परीक्षणात सोडियमचं प्रमाण बघा, वाढत असेल तर जिप्सम द्या आणि पावसाळ्यात हे पाणी त्या रानात पूर्ण बंद ठेवा.

---

टाकी_उपसा

देखभालीचा माणूस अंदाजपत्रकातच धरा. रोज दोन तास: जाळी साफ, खाचेवरची नोंद, तलावावरचा तवंग काठीने बाजूला. आठवड्यातून एकदा वाळूचा चर उपसायचा, महिन्यातून एकदा चेंबर उघडून बघायचे. गमबूट, हातमोजे आणि लांब दांड्याचं खोरं पंचायतीने द्यायचं. पहिल्या तलावातल्या गाळाची खोली दर वर्षी उन्हाळ्यात काठीने पाच ठिकाणी मोजा. अर्धा मीटर झाली की उपसायचा विचार, साधारण पाच ते दहा वर्षांनी. त्या वेळी पाणी दुसऱ्या तलावात वळवता यावं म्हणून पहिल्याला वगळून जाणारा पाइप आणि दोन झडपा आत्ताच बसवून घ्या. नंतर भरलेल्या तलावाचा बांध फोडून हे काम करावं लागतं.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी तोट्या, मग टाक्यांचे टी, मग गावठाणातले ११० खड्डे, आणि ते झाल्यावर पुन्हा एकदा बादलीने मोजणी. तलावाचा अंतिम आकार त्या दुसऱ्या मोजणीवर ठरवा.